सीताफळाच्या बियांची गाडी

दौलताबादेकडची सीताफळं बाजारात आली की माझं डोकं फिरतं. बाकीच्यांच्या तोंडाला पाणी सुटतं, मला एक वकील आठवतो. आज सकाळी दारावर हातगाडी आली. टोपलीत पाला घालून रचलेली, डोळे उघडलेली फळं पाहिली आणि पहिला विचार मनात आला तो हाच, की त्या माणसाला अजून थोडं छळायला हवं होतं. तो जाऊन वीस वर्षं होऊन गेली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलते. तो होता तेव्हाही जे बोलायचं ते त्याच्या तोंडावरच बोलले होते.

हा आझूरचा महिना. आता हा शब्द कुणाला कळत नाही. निजामाच्या राज्यात सरकारी कागदांवर आणि शाळेच्या हजेरीपटावर आमचे महिने वेगळे असत. आझूरनं वर्ष सुरू व्हायचं, आपल्या आश्विनाच्या आगेमागे. सुट्टी शुक्रवारची. मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. आमचे हे जालना स्टेशनावर मालबाबू, ते गुरुवारच्या गाडीनं यायचे आणि शनिवारी पहाटे जायचे. मधले दिवस घरात मी आणि माझी लेक कुसुम.

आझूरची सकाळ कशी असायची ते मला अजून नाकानं आठवतं. नहरीच्या, म्हणजे जुन्या कालव्याच्या पाण्याचा शेवाळी वास, अंगणात वाळत घातलेल्या रजयांचा वास, आणि घरभर सीताफळाचा गोड, किंचित आंबूस दरवळ. पलीकडच्या गल्लीतून रहीमचाचांच्या हिमरूच्या मागाची खटखट ऐकू यायची. ती थांबली की ओळखायचं, नमाजाची वेळ झाली. आम्ही ओट्यावर बसून सीताफळं खायचो आणि बिया पितळी वाटीत टाकायचो. बिया फेकायच्या नसत. धुऊन, वाळवून डब्यात ठेवायच्या, पोरींच्या डोक्यात उवा झाल्या की वाटून लावायला. त्या वर्षी डबा रिकामा सापडला. मी सगळं घर डोक्यावर घेतलं. कुसुम ओट्याखालून म्हणाली, "मी घेतल्या बिया. गाडीला लागतेत."

कुसुम तेव्हा अकरा वर्षांची. बोलायची कमी आणि हातानं सतत काहीतरी खुडबुड चाललेली. मुलांच्या वस्तानियात, म्हणजे आताच्या भाषेत मिडल स्कुलात, दर आझूरला नुमाईश भरायची. हस्तकलेची टेबलं, तक्ते, नकाशे आणि शेवटी पोरांनी आपल्या हातानं बनवलेल्या खेळण्यातल्या गाड्यांची शर्यत. शाळेच्या मागं जुन्या हौदाकडं उतरणारी शहाबादी फरशी होती. वरून गाडी सोडायची, ज्याची सगळ्यात लांब जाईल तो पहिला. मुलींना बंदी आहे असं कुठं लिहिलेलं नव्हतं, कारण मुलगी गाडी घेऊन येईल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. रॉकेलला रांगा, रिकामा डबासुद्धा कुणी देत नसे. कुसुमनं एक गंजका डबा कुठून पैदा केला ते मी विचारलं नाही. त्याचा पत्रा तिनं दगडावर ठोकून सपाट केला. रहीमचाचांकडून जुनी लाकडी रिळं आणली, त्यांच्या चकत्या कापून चाकं केली. आसांना माझ्या लोकर विणायच्या दोन सुया गेल्या. मी ओरडले, पण आतून मला भारी वाटत होतं. रहीमचाचा एकदा दारात थांबून म्हणाले, "बाई, तुमारी पोट्टी के हात में हुनर है. बीच में अपना हात डालू नक्को." मी हसले. मला वाटलं, म्हातारा कौतुक करतोय.

फरशीला सांधे होते, सहा-सात. हलकी गाडी सांध्यावर उडायची आणि आडवी व्हायची, म्हणून गाडीला वजन हवं. पोरं दगड बांधायची. कुसुमनंही आधी दगड बांधून पाहिला, मग रुसल्यासारखी दोन दिवस गप्प बसली, आणि तिसऱ्या दिवशी बियांचा डबा पळवला. एका चिंधीची पिशवी शिवली, तिच्यात बिया भरल्या आणि गाडीच्या पोटाखाली बांधली. "दगड उडतो," ती मला सांगत होती, "बिया उडत नाय. आतल्या आत सरकतेत. पण पिशवी ढिली पायजे." मी तेव्हा बेगमसाहेबांच्या अभ्र्यावर वेल काढत होते. सुभेदारसाहेबांच्या बेगम दरवर्षी नुमाईशीत भरतकामाचं टेबल बघायला यायच्या आणि ते टेबल माझं असायचं. मी नुसतं हं म्हटलं.

शर्यतीचा पंच होता तो वकील. गोरा, अंगानं भरलेला, शेरवानीच्या गळ्यापर्यंत बटणं लावणारा. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुमजली घर. त्याचा मुलगा मधुकर शर्यतीत होता आणि बापच पंच होता, यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही. मधुकरची गाडी शिसवाची, तेल पाजून चकचकीत केलेली. ती वकिलाच्या दारातल्या सुतारानं केली होती हे गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. पण निम्म्या शहराची प्रकरणं वकिलाच्या दप्तरात पडलेली. बोलणार कोण?

तो शुक्रवार मला जसाच्या तसा दिसतो. पुरुष खुर्च्यांवर, बायका कनातीमागं, मी माझ्या टेबलापाशी. मधुकरची गाडी बरीच लांब गेली, तिथं खडूची रेघ पडली. मग कुसुमनं गाडी सोडली. खुळखुळ वाजत निघाली. चौथ्या सांध्यावर ताडकन उडाली, पण सावरली, आणि मधुकरच्या रेघेच्या हातभर पुढं जाऊन थांबली. मी लाजबीज सोडून टाळ्या वाजवल्या. आनंद अंगात मावत नव्हता. कुसुम मात्र हसली नाही. ती त्या चौथ्या सांध्याकडंच बघत राहिली. मला वाटलं, घाबरली असेल.

वकिलानं गाडी उचलली, उलटी केली, आणि पोटाखालच्या पिशवीच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग माझ्याकडं वळून हात जोडले. "वा, मास्तरीणबाई! गाडी फार छान बनवलीत हो. पण शर्यत पोरांची होती."

सगळे हसले. हेडमास्तर हसले, चपराशी हसला, कनातीमागच्या बायका हसल्या. त्यानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं माझं कौतुक केलं. कुसुम पुढं आली आणि म्हणाली, "मी केलीय. समदी मीच केलीय." हेडमास्तर म्हणाले, "पोरी, खोटं बोलू नये." तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं. आई सांगेल, अशा नजरेनं पाहिलं. मी तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही.

गाडी माझ्या टेबलावर आणून ठेवली, अभ्रे आणि टेबलपोसाच्या मध्ये. तिच्यावर चिठ्ठी लावली, मोठ्यांचं काम. पहिल्या बक्षिसाची पितळी दौत मधुकरला मिळाली.

आवाज का फुटला नाही, ते मी आजवर कागदावर उतरवलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी कुसुम न्हाणीत होती. मी गाडी हातात घेऊन मिरवल्यासारखी बघत होते. उलटी केली तर पिशवीचे टाके दिसले. लांबलांब, वाकडेतिकडे, एक इकडं तर दुसरा तिकडं. शिवणाच्या बाईची पोर आणि हे टाके? चार माणसं बघतील, काय म्हणतील? मी पिशवी उसवली आणि माझा बखिया घातला. बारीक, दाणे ओवल्यासारखा. बिया गच्च दाबून भरल्या, दोरा ओढून आवळला. कुसुम केस पुसत बाहेर आली तोवर गाडी जागच्या जागी होती. तिनं पिशवीबद्दल मला काही सांगितलं होतं, हे माझ्या ध्यानातही नव्हतं. सगळ्या गाडीत माझं म्हणून होतं ते तेवढंच, बोटभर शिवण, आणि वकिलाचा अंगठा नेमका तिथं पडला. तो साफ चुकला असता तर मी त्याला कधीतरी माफ केलं असतं.

त्या दिवसापासून मी डूख धरला. आमचे हे म्हणाले, "जाऊ दे ना, पोरांचा खेळ आहे." मी म्हटलं, "तुम्ही तुमच्या मालगाडीच्या वाघिणी मोजा." रस्त्यात वकील दिसला की मी पदर सारखा करून दुसऱ्या बाजूनं जायची. त्याच्या बायकोला बिचारीला यातलं काही कळत नव्हतं. तिनं त्याची नवी शेरवानी माझ्याकडं काजं करायला पाठवली. मी केली. सुबक केली. फक्त गळ्याचं काज केसभर लहान केलं. कोर्टात उभं राहण्याआधी रोज सकाळी हा माणूस आरशापुढं बटणाशी झगडत असेल, या विचारानं मला महिनाभर शांत झोप लागली.

माणसाच्या रागाला एक चव असते. सीताफळासारखीच, गर थोडा आणि बिया फार, तरी एक संपलं की दुसरं फोडावंसं वाटतं. मी वर्षभर तेच करत होते. कुसुम वर्षभर काय करत होती, ते मला नीटसं आठवतही नाही. शाळेत जायची, रहीमचाचांच्या मागापाशी बसायची. मला काही विचारायची नाही. मी समजले, पोर मनातून खचलीय, हिच्यासाठी मला उट्टं काढलंच पाहिजे.

संधी चालून आली. पुढच्या नुमाईशीआधी हेडमास्तरांची चिठ्ठी आली, बेगमसाहेब येणार, टेबल नेहमीपेक्षा मोठं मांडावं. मी कळवलं, मांडते, पण गाड्या या वर्षी तिथंच बनवायच्या, सगळ्यांसमोर, पोरांनी एकट्यानं बसून. हेडमास्तर स्वतः घरी आले.

"बाई, एवढं कशाला ताणताय?"

"नायतर टेबल रिकामं राहील. बेगमसाहेबांना सांगा, बाईंची बोटं दुखतेत."

"बरं बाई. तुम्ही म्हणाल तसं."

"अन् पंच वकीलसाहेबच पायजेत. दुसरं कुणी चालायचं नाय."

शुक्रवारी सकाळी लिंबाखाली पोरं बसली. मध्ये ढीग टाकलेला, पत्रे, रिळं, तारा, चिंध्या. ढिगाशेजारी सीताफळांची एक टोपली, ती माझ्याकडून. आईबापांनी दोरीच्या अलीकडं थांबायचं. दुपारच्या अजानीपर्यंत वेळ.

मधुकरनं पत्रा उचलला आणि तो कसा धरायचा तेच त्याला कळेना. हातोडी बोटावर बसली. चाक आसात जाईना, गेलं तर फिरेना. तो सारखा बापाकडं बघायचा. वकील खुर्चीवर बसल्या बसल्या हातानं खुणा करायला लागला, असं वाकव, तसं ठोक. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "वकीलसाहेब, हात खाली." लोक हसले. मागच्या वर्षीचेच लोक, तसेच हसले. ते हसू मी कानात साठवून ठेवलं. शेवटी मधुकरनं बाहीत तोंड खुपसलं. त्या पोराचा काडीचा दोष नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी माझ्या मनात त्याच्यासाठी काही हाललं नाही. लिहिताना लाज वाटायला हवी, फारशी वाटत नाही.

कुसुम तोवर आपल्यात होती. पत्रा वाकवला, चकत्या कापल्या. मग टोपलीतली सीताफळं घेऊन एकटी बसली आणि शांतपणे खात राहिली. लोकांना वाटलं, पोरीनं हार मानली. तिनं तळहातावरच्या ओल्या बिया परकराला पुसल्या, चिंधी घेतली, सुई घेतली. लांबलांब टाके, वाकडेतिकडे, एक इकडं तर दुसरा तिकडं. माझी बोटं शिवशिवायला लागली. पिशवी गाडीला बांधण्याआधी तिनं ती दोरीपलीकडून वर धरली आणि मला दाखवली. बराच वेळ धरली. मला वाटलं, शाबासकी मागतेय. मी मान डोलावली.

तिची गाडी त्या वर्षी एकाही सांध्यावर उडाली नाही. पाणी उतरावं तशी खाली गेली, सगळ्या रेघा मागं टाकून थेट हौदाच्या काठाशी. रहीमचाचांनी चप्पल आडवी घातली म्हणून वाचली, नाहीतर पाण्यातच जायची. वकिलानं गाडी उलटी केली. टाके पाहिले. अंगठा फिरवला नाही.

मग मी पुढं झाले. वर्षभर ते वाक्य मी घोटून घोटून गुळगुळीत केलं होतं. "वकीलसाहेब, मागच्या साली गाडी फार छान बनवली होतीत हो. यंदा हात दुखत होता का?"

तो कानापर्यंत लाल झाला. काही बोलायला गेला आणि त्याचं बोट आपोआप गळ्याच्या बटणाकडं गेलं. ओढलं, पुन्हा ओढलं. बटण निघेना. मी घातलेलं काज होतं ते! त्या क्षणासारखं सुख मला पुढं फार थोड्या गोष्टींनी दिलं. कनातीमागच्या बायका या खेपेला माझ्या बाजूनं हसत होत्या. हेडमास्तरांनी पितळी दौत कुसुमच्या हातात दिली आणि मोठ्यानं म्हणाले, "ही गाडी या मुलीनं केली." तेवढं एक वाक्य. त्यासाठी मी साल जाळलं होतं.

घरी येताना मी रस्ताभर बोलत होते. त्याचं तोंड कसं झालं, बटण कसं अडकलं. कुसुम दौत हातात घेऊन शेजारून चालत होती. नहरीपाशी ती थांबली.

"आई, झालं का तुझं?"

"काय झालं का?"

"मागच्या साली पिशवी तू उसवलीस. चौथ्या सांध्यावर गाडी उडाली तवाच मला कळलं."

"मग तू बोलली का नाहीस गं?"

"तू बोलशील म्हणून थांबले," ती म्हणाली. "लई दिवस थांबले."

आणि चालायला लागली. ना रडली, ना भांडली. दौत घरी कोनाड्यात ठेवली आणि हात धुऊन जेवायला बसली.

वकिलाचा सूड मी एका दुपारीत उगवला. माझ्या लेकीनं माझा पन्नास वर्षं पुरवला. त्या दिवसानंतर तिनं तिच्या कुठल्याही कपड्याला माझी सुई लागू दिली नाही. फाटलं तर स्वतः शिवायची, त्याच लांबलांब टाक्यांनी, आणि तसंच घालून हिंडायची. शिवणाच्या बाईची पोर! लग्नातला शालू होता त्याला जरीचा काठ लावायला मी बसले, तर तिनं तो अलगद माझ्या मांडीवरून उचलला आणि म्हणाली, "राहू दे आई, मी लावते." माझ्या हातची कुंची घालून या शहरातली निम्मी पोरं वाढली. माझी नातवंडं मात्र ती न घालताच वाढली. बाकी तिच्या मायेला उणं नाही. माझ्या आजारपणात तिनं रात्रंदिवस केलं, निजामी गेली, राज्य बदललं, तिनं पॉलिटेक्निकात पोरांना यंत्रं शिकवली, दर रविवारी येते, पाय चेपते. फक्त सुई नाही. मी वकिलाला अजून शिव्या घालते त्याचं कारण हेच असावं. तिला घालता येत नाहीत आणि स्वतःला घालायला जीभ रेटत नाही.

आज दुपारी ती आली. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झालेत, डोळ्यांवर काळा चष्मा, तिची नात तिला हाताला धरून घेऊन आली. मी नको नको म्हणत असताना परतणाऱ्या हातगाडीवरून सीताफळं घेतलीच तिनं आणि आपल्या कापडी पिशवीत भरली. दारातच पिशवीची शिवण गेली. चार फळं पायरीवर फुटली, नात खिदळत वेचायला धावली. उरलेली आम्ही ओट्यावर बसून खाल्ली. बिया वाटीत पडत होत्या.

मग कुसुमनं ती रिकामी पिशवी चाचपडत माझ्या मांडीवर ठेवली.

"मला दिसत नाय," ती म्हणाली. "दोन टाके घाल."

मी सुई काढली. दोरा नातीनं ओवून दिला, मला नेढं आता दिसत नाही. एक टाका घातला तो इंचभर लांब गेला. दुसरा आडवा पडला. तिसरा कुठं गेला तेच कळेना. पन्नास वर्षांनी मिळालेली शिवण आणि ही अशी! मला भयंकर लाज वाटली. मी दोरा तोडला आणि उसवायला कात्री घेतली.

कुसुमनं माझं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं पिशवी ओढून घेतली, उलटी केली आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. एकदा इकडून, एकदा तिकडून.

"उसवू नको," ती म्हणाली. "असेच होते माझे."